नवा कॉम्प्युटर घरी आणलाय? बटण दाबायच्या आधी भिंतीतलं सॉकेट बघा

वाटूर (ता. परतूर) : मोबाईलवर सगळं होतं असं आपण म्हणतो. पण टायपिंगच्या परीक्षेचा सराव मोबाईलवर होत नाही, बचत गटाचा वर्षभराचा हिशेब पाच इंचाच्या काचेवर मावत नाही आणि नोकरीचा लांबलचक फॉर्म भरताना मध्येच कोणाचा फोन आला की सगळं पुन्हा पहिल्यापासून भरावं लागतं. म्हणून कापूस-सोयाबीनचे पैसे हातात आले की काही घरांत डेस्कटॉपचा विषय निघतो. कोणी जालन्याहून नवा आणतं, कोणी ओळखीतून जुना उचलतं. मग तो खोका घरात येतो, आजूबाजूची पोरं जमा होतात आणि दहा मिनिटांत वायरी जोडून स्क्रीन चालू होते. सगळे खूष.

खरी गडबड इथंच होते. गावातला कॉम्प्युटर चुकीचं बटण दाबल्यामुळं सहसा बिघडत नाही. बटण दाबून खराब होईल एवढा तो नाजूक नसतोच. तो जातो विजेमुळं. आणि आतली माहिती जाते ती खातं दुसऱ्याच्या नावावर असल्यामुळं किंवा फुकटात टाकलेल्या चोरीच्या विंडोजमुळं. या तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी ठरून जातात. घरात ३०-४० हजारांची वस्तू आणली असेल तर पहिल्या दिवशीचे दोन तास तिला द्यायला हरकत नाही.

दुकानातच विचारायच्या गोष्टी

"आय फाइव्ह आहे, एक नंबर मशीन" एवढ्यावर पैसे काढू नका. आय फाइव्ह प्रोसेसर गेली पंधरा-सोळा वर्षं निघतोय. २०१३ सालचाही आय फाइव्हच आणि आजचाही आय फाइव्हच. विचारायची असते ती पिढी, म्हणजे दुकानदार ज्याला जनरेशन म्हणतात ती. प्रोसेसरचा पूर्ण नंबर मागा. इंटेलच्या या प्रोसेसरांत ४५७० असा चार आकडी नंबर असला तर पहिला आकडा पिढीचा, म्हणजे चौथी. १२४०० असा पाच आकडी असला तर पहिले दोन आकडे पिढीचे, म्हणजे बारावी.

याचा फरक काय पडतो? विंडोज १० ला मिळणारे सुरक्षेचे मोफत अपडेट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले. विंडोज ११ चालवायला इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. शहरातल्या कंपन्यांनी काढून टाकलेली चौथ्या-सहाव्या पिढीची मशीनं पुसूनपासून ग्रामीण भागात विकायला येतात. स्वस्त मिळतात, चालतातही. पण त्यावर विंडोज ११ रीतसर बसत नाही. असं मशीन घ्यायचंच असेल तर त्यावर लिनक्स टाकून घ्या, ती चोख चालते. याबद्दल पुढं सांगतो.

दुसरी गोष्ट एसएसडी. जुन्या पद्धतीच्या हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते, एसएसडीत काहीच फिरत नाही. विंडोज ११ हार्डडिस्कवर टाकली तर कॉम्प्युटर सुरू होईस्तोवर चहा पिऊन होतो. २५६ जीबीची का असेना, एसएसडी घ्या. रॅम आठ जीबीच्या खाली नको. चार जीबीवर विंडोज ११ चालते असं कागदावर आहे, पण चालवणाऱ्याला त्याचा त्रासच होतो.

आणि बिल पक्कं घ्या. जीएसटीचे पैसे वाचवण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर मशीन आणलं तर वॉरंटीच्या वेळी हात चोळत बसावं लागतं. बिलावर सीपीयूचा आणि मॉनिटरचा सीरियल नंबर लिहून घ्या. असेंबल केलेलं मशीन असेल तर मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि एसएमपीएस या प्रत्येकाची वॉरंटी वेगळी असते. ती तशी वेगवेगळी लिहून मागा.

खोका उघडायच्या आधी लाईट तपासा

कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात, हा अनुभव बऱ्याच घरांत असेल. "थोडा करंट मारतो, बाकी चांगला चालतो" असं म्हणून लोक सोडून देतात. याचं कारण समजून घ्या. डब्याच्या आत एसएमपीएस असतो, तो घरातल्या विजेचं कॉम्प्युटरला लागणाऱ्या कमी व्होल्टेजमध्ये रूपांतर करतो. विजेतली खरखर गाळण्यासाठी त्यात छोटे कपॅसिटर असतात आणि ते डब्याच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती खरखर जमिनीत उतरते. नसेल तर पत्र्यावर घरातल्या व्होल्टेजच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे शंभरेक व्होल्ट, दिसू शकतं. करंट अगदी कमी असतो म्हणून माणसाला फक्त मुंग्या येतात. पण मशीनमध्ये कधी काही खरंच शॉर्ट झालं तर तो करंट कमी राहणार नाही. मग त्याला जायला एकच वाट उरते, ज्याने हात लावला त्याचं अंग.

तीन भोकांचं सॉकेट भिंतीत आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. वरच्या मोठ्या भोकाला आतून वायरच जोडलेली नाही, अशी घरं कमी नाहीत. म्हणून मीटर असलेल्या वायरमनला बोलवा आणि तीन मापं घ्यायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास आलं पाहिजे. फेज आणि अर्थिंगमध्येही तेवढंच. आणि न्यूट्रल व अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. तिसरं माप दहा-वीसवर गेलं तर अर्थिंग कमजोर आहे. हे मोजमाप स्वतः करायला जाऊ नका, आणि टेस्टरचा दिवा लागला म्हणजे सगळं ठीक, असंही समजू नका. टेस्टर अर्थिंगबद्दल काही सांगत नाही.

अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की काम करत नाही. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यात जमीन तडकते, तेव्हा पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंगही ढिली पडते. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. खर्च काही नाही.

आता व्होल्टेज. शेतीचा फीडर आणि गावठाणाचा फीडर वेगळा नसेल तर थ्री फेज आली की शिवारातल्या मोटारी ऑटो स्विचवर एकदम सुरू होतात आणि घरातला बल्ब मिणमिणतो. कमी व्होल्टेजने कॉम्प्युटर बंद पडतो, जळत नाही. जळतो तो उलट्या वेळी. डीपीवरचा न्यूट्रल तुटला किंवा सुटला तर काही घरांत २३० च्या जागी तीनशे-साडेतीनशे व्होल्ट येतात आणि एका फटक्यात गल्लीतले टीव्ही, चार्जर, फ्रीज जातात. कुठल्याही गावात विचारा, असा किस्सा निघतोच. यासाठी जास्त व्होल्टेज आलं की लाईट तोडणारं उपकरण मीटरजवळ बसवता येतं. वायरमन त्याला व्होल्टेज प्रोटेक्टर म्हणतात. ज्यांच्या डीपीवर असं होऊन गेलंय त्यांनी हा खर्च टाळू नये.

युपीएस घ्यायचाच. ६०० व्हीएचा छोटा युपीएस साध्या कॉम्प्युटरला आणि मॉनिटरला साधारण दहा-पंधरा मिनिटं चालवतो. ही दहा मिनिटं काम करत बसायला नसतात. फाईल सेव्ह करून मशीन नीट बंद करायला असतात. लाईट गेल्यावर "अजून चालतंय, चालू दे" करत बॅटरी तळाला नेली की दोन-तीन वर्षं टिकणारी बॅटरी वर्षातच जाते. लेझर प्रिंटर युपीएसवर लावू नका. तो कागद तापवताना एकदम भरपूर वीज ओढतो आणि छोटा युपीएस तिथंच बसतो. प्रिंटर सरळ भिंतीतल्या सॉकेटला.

घरात इन्व्हर्टर आहे म्हणून युपीएस नको, असं काही जण म्हणतात. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला क्षणभर वेळ घेतो. पंख्याला त्याचं काही वाटत नाही, कॉम्प्युटर मात्र तेवढ्यात बंद होऊन पुन्हा चालू होतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागं एक छोटं बटण असतं, त्यावर युपीएस मोड लिहिलेलं असतं. तो मोड लावला तर हा वेळ कमी होतो. आधी लावून बघा, मशीन तरलं तर युपीएसचे पैसे वाचले.

आणि विजा कडकडायला लागल्या की प्लग काढा. नुसतं बटण बंद करून उपयोग नाही. फायबरच्या डब्यातून कॉम्प्युटरला नेटची वायर आलेली असेल तर तीही काढा, कारण त्या डब्याचा चार्जरही त्याच विजेवर असतो. वळवाच्या आणि परतीच्या पावसात हे रोजचं काम समजा.

वायरी जोडताना

घरी आणताना मॉनिटर गाडीत आडवा टाकू नका, उभा धरा. आणि थंडीच्या दिवसांत रात्री आणला असेल तर तासभर खोक्यातच राहू द्या. काच थंड असताना आत दव धरू शकतं.

जोडणी सोपी आहे, कारण बहुतेक पिना दुसऱ्या भोकात बसतच नाहीत. जोर लावावा लागतोय म्हणजे जागा चुकली किंवा बाजू उलटी आहे. मॉनिटरची वायर मात्र बघून लावा. डब्याच्या मागं कधी कधी दोन ठिकाणी एचडीएमआयची भोकं असतात, एक वर उभ्या पट्टीत आणि एक खाली आडव्या पट्टीत. खालचं आडवं म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे. ते असेल तर वायर तिथंच लावायची. वर लावली की पंखा फिरतो, दिवे लागतात, पण स्क्रीन काळीच राहते आणि लोक मशीन परत घेऊन दुकान गाठतात.

जुनं मशीन घेतलं असेल तर मागं एसएमपीएसजवळ छोटा लाल खटका आहे का बघा. त्यावर ११५ किंवा २३० लिहिलेलं असतं. तो २३० वरच हवा. ११५ वर ठेवून आपली लाईट दिली तर फट्‌ असा आवाज येतो आणि तेवढ्यावरच काम संपतं.

चालू केल्यावर बीप-बीप आवाज येऊन स्क्रीन येत नसेल तर घाबरू नका. रस्त्यातल्या धक्क्यांनी रॅमची पट्टी सैल होते. प्लग काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून ठेवा म्हणजे आतली उरलेली वीज संपेल, डब्याचं झाकण काढा आणि पट्टी दोन्ही टोकांना सारखा दाब देऊन टक्‌ असा आवाज येईपर्यंत बसवा. झाकणावर वॉरंटीचं सील असेल तर मात्र हात लावू नका, दुकानदाराला फोन करा.

डबा ठेवायचा कुठं? जमिनीवर नको. घर झाडताना सगळी धूळ त्याच्या पंख्यात जाते. कपाटात कोंडूनही नको. विटांवर फळी टाकून केलेलं बूडही चालेल, फक्त मागं वीतभर मोकळी जागा हवी. वरून रुमाल घालायची हौस असेल तर मशीन बंद असतानाच घाला.

खातं कोणाच्या नावाचं?

हा भाग नीट वाचा, कारण याचा फटका वर्ष-दोन वर्षांनी बसतो.

नवी विंडोज ११ पहिल्यांदा सुरू केली की ती मायक्रोसॉफ्टचं खातं मागते. दुकानदार घाईत असतो, तो स्वतःचा ईमेल टाकून मोकळा होतो. तुम्हाला मशीन सुरू होऊन मिळतं, तुम्हीही खूष. पण अलीकडच्या बऱ्याच नव्या मशीनवर विंडोज आतली सगळी माहिती आपोआप कुलूपबंद करते. एन्क्रिप्शन म्हणतात ते हेच. त्या कुलपाची ४८ आकडी किल्ली पहिल्या खात्यात जाऊन बसते. पुढं कधी मदरबोर्ड बदलला, एखादी सेटिंग हलली किंवा मोठा अपडेट अडकला की स्क्रीन निळी होते आणि ती किल्ली मागते. किल्ली दुकानदाराच्या ईमेलमध्ये! तोवर तो दुकान बदलून गेलेला असतो, नाहीतर त्याला पासवर्ड आठवत नसतो. पोरीचे फोटो, शेताचे कागद, गटाचा हिशेब, सगळं डब्यात असतं आणि काढता येत नाही. त्या किल्लीशिवाय कंपनीही ते काढून देऊ शकत नाही.

म्हणून दुकानात सांगा : "विंडोज टाकून द्या, पण खातं मी घरी उघडतो." किंवा तिथंच बसून तुमच्या घरातल्या माणसाच्या ईमेलवर, तुमच्या मोबाईल नंबरवर खातं उघडा. तो पासवर्ड वहीत लिहा. हो, कागदावरच. गावातल्या घरात पासवर्ड चोरीला जाण्यापेक्षा विसरण्याचीच भीती जास्त असते. मशीन आधीच सुरू झालेलं असेल तर सेटिंगमध्ये अकाउंट्स उघडा आणि तिथं कोणाचा ईमेल दिसतो ते आजच बघा.

विंडोज खरी आहे का तेही तिथंच कळतं. सेटिंग, सिस्टीम, ॲक्टिव्हेशन असं उघडा. ॲक्टिव्ह लिहिलेलं हवं. आणि विंडोजच्या किमतीची नोंद बिलावर हवी. "फुकट टाकून देतो" म्हणून जी विंडोज टाकतात, ती चालू करण्यासाठी एक छोटा प्रोग्राम वापरतात आणि त्याआधी अँटिव्हायरस बंद करायला लागतो. अँटिव्हायरस बंद करून आत घेतलेला पाहुणा कोण आहे, हे कोणालाच माहीत नसतं. त्याच मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार, डिजिटल सही वापरणार. मला विचाराल तर त्यापेक्षा लिनक्स परवडली. लिनक्स मिंट, उबुंटू फुकट आणि कायदेशीर आहेत. पुण्यात १९८८ साली सुरू झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने भारतीय भाषांची सोय असलेली बॉस लिनक्सही काढली आहे. अडचण एकच : टायपिंग क्लासचं सॉफ्टवेअर किंवा एखाद्या सरकारी पोर्टलची डिजिटल सहीची सोय लिनक्सवर चालेल असं नाही. घरातल्या कामाला नेमकं काय लागणार ते आधी बघा आणि मग ठरवा. लिहायला आणि हिशेबाला लिब्रे ऑफिस दोन्हीकडं फुकट मिळतं.

विंडोजवर वेगळा अँटिव्हायरस विकत घेण्याची गरज बहुतेकांना नाही. डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस विंडोजमध्येच असतो. तो चालू राहू द्या, एवढंच.

नेट मोबाईलवरून, पण जपून

स्वस्त डेस्कटॉपमध्ये वायफाय नसतं. मग लोक वेगळं उपकरण आणायला निघतात. थांबा. मोबाईल चार्जिंगच्या वायरने डब्याला जोडा, मोबाईलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर यूएसबी टेथरिंग चालू करा. नेट सुरू. मोबाईलही चार्ज होत राहतो. वायर मात्र डेटा जाणारी हवी, काही स्वस्त वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात.

पहिल्याच दिवशी रोजचा दीड-दोन जीबी डेटा तासाभरात संपेल, कारण नवी विंडोज अपडेट ओढायला लागते. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये त्या कनेक्शनवर मीटर्ड कनेक्शन असा खटका आहे, तो चालू केला की विंडोज हात आखडता घेते. पण अपडेट कायमचे बंद करू नका. ज्याच्या घरी फायबर आहे त्याच्याकडं महिन्यातून एकदा डबा नेऊन अपडेट करून आणला तरी चालतं. संध्याकाळ जाईल, पण सुरक्षेच्या भेगा बुजतील.

जुन्या मशीनवर एक गंमत होते. नेट चालू असतं, पण प्रत्येक वेबसाईट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणून अडून बसते. अशा वेळी कोपऱ्यातलं घड्याळ बघा. तारीख पाच-दहा वर्षं मागं गेलेली असते. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपला की असं होतं. सेल थोडक्या पैशांत मिळतो, बदला आणि तारीख नीट लावा.

मराठी कशी टाईप करायची

इथं एका जुन्या सवयीवर बोलावं लागेल. झेरॉक्सच्या दुकानात अजून कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर टाईप केलेले अर्ज मिळतात. त्याच फाईल मोबाईलवर उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कारण त्या फाईलमध्ये खरं मराठी अक्षर नसतंच, इंग्रजी अक्षराला मराठी कपडे घातलेले असतात. फॉन्ट नसला की कपडे उतरतात. युनिकोडमध्ये टाईप केलेलं मराठी कुठल्याही मोबाईलवर, कुठल्याही पोर्टलवर मराठीच दिसतं. नव्या मशीनवर सुरुवातच युनिकोडने करा.

त्यासाठी काही विकत घ्यायला नको. सेटिंगमध्ये टाइम अँड लँग्वेज उघडा, तिथं लँग्वेजमध्ये मराठी जोडा. मग विंडोजची कळ धरून स्पेस दाबली की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. मराठीचे दोन कीबोर्ड मिळतात. फोनेटिकमध्ये उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं, मोबाईलवर बरेच जण तसंच लिहितात. दुसरा इनस्क्रिप्ट, तो भारत सरकारने १९८६ पासून ठरवत आणलेला भारतीय भाषांचा कीबोर्ड. त्यात डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. पहिले चार दिवस अवघड जातो, नंतर बोटं आपोआप पडतात.

करून बघा. इनस्क्रिप्टवर वाटूर लिहायला या कळा : बी, ई, एंटरच्या लगेच डावीकडची अवतरण चिन्हाची कळ, टी, जे. परतूरला एच, जे, एल, टी, जे. जालन्यासाठी पी म्हणजे ज, ई म्हणजे काना, एन म्हणजे ल, व्ही म्हणजे न, मग डी आणि अवग्रहाच्या नव्हे तर तिरप्या रेघेची कळ म्हणजे न्य, आणि पुन्हा ई. डी म्हणजे पाय मोडायची कळ, ती लक्षात राहिली की जोडाक्षरं आली. ळ साठी शिफ्ट धरून एन. आणि आपल्या रोजच्या शब्दाची गोची : शेतकऱ्याला. बरेच जण तिथं साधा र वापरतात, मग तो "शेतकर्याला" असा रफाराचा होतो. शिफ्ट धरून जे दाबा, मग डी, मग तिरपी रेघ, मग ई. म्हणजे बरोबर ऱ्या उमटतो.

घरात कोणी शासनाच्या संगणक टायपिंग परीक्षेची तयारी करत असेल तर सराव सुरू करायच्या आधी क्लासमध्ये विचारा : परीक्षेत मराठीला कोणता कीबोर्ड लागणार, इनस्क्रिप्ट की जुन्या टाइपरायटरच्या धर्तीचा रेमिंग्टन? घरी एकावर सराव आणि परीक्षेत दुसरा, असं झालं तर तीन महिने पाण्यात जातात. ३० किंवा ४० शब्दांचा वेग हा बोटांच्या सवयीचा खेळ असतो.

कॉम्प्युटर घराचा, पण येणार गल्ली

गावात एका घरात कॉम्प्युटर आला की शेजारी सातबारा काढायला येतात, कोणाचा निकाल बघायचा असतो, कोणाच्या पोराचा स्कॉलरशिपचा फॉर्म असतो. नाही म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये. पण दोन पथ्यं पाळा. दुसऱ्याचं काम ब्राउजरच्या गेस्ट विंडोत करा. ती बंद केली की त्याचा पासवर्ड, त्याचं खातं मशीनवर उरत नाही. आणि त्याच्या आधारचा, पासबुकचा फोटो डाउनलोड फोल्डरमध्ये राहतो, तो काम झाल्यावर त्याच्या डोळ्यांदेखत काढून टाका, रीसायकल बिनमधूनही. उद्या कुणाच्या खात्यातून पैसे गेले तर पहिला संशय ज्याच्या मशीनवर कागद होते त्याच्यावर येतो. नात्यातली भांडणं अशानंच लागतात.

सरकारी काम करताना पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन आहे का ते बघा. गूगलवर वरती येणाऱ्या जाहिरातींत हुबेहूब दिसणाऱ्या साईट असतात. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असं भोंग्यासारखं ओरडणारं पान आलं तर ते खोटं. कंपनी असं पान दाखवून फोन करायला लावत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, यादीत ब्राउजर निवडून बंद करा. फोनवरचा माणूस एनीडेस्कसारखं काही टाकायला सांगत असेल तर फोन ठेवा, कारण ते टाकलं की त्याला तुमची स्क्रीन दिसते आणि माऊसही त्याच्या हातात जातो. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

रोजची निगा आणि बिघाड झाला तर

काम झालं की स्टार्टमधून शट डाउन करा. आता एक उलटी वाटणारी गोष्ट : विंडोजमध्ये शट डाउन केलं तरी मशीन पूर्ण ताजं होत नाही, पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून ते थोडं मागचं लक्षात ठेवतं. रीस्टार्ट केलं की पूर्ण ताजं होतं. म्हणून कॉम्प्युटर जड चालायला लागला की आधी रीस्टार्ट करून बघा, मेकॅनिक नंतर.

महत्त्वाचे कागद एकाच जागी ठेवू नका. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक पेन ड्राइव्हवर, आणि शैक्षणिक कागद डिजिलॉकरमध्ये. पेन ड्राइव्ह घरातल्या कपाटात ठेवायचा, झेरॉक्सच्या दुकानात न्यायचा पेन ड्राइव्ह वेगळा. गल्लोगल्लीचे व्हायरस त्याच्यातूनच घरी येतात.

मशीन बिघडलंच तर दुकानात फक्त डबा न्या. मॉनिटर, कीबोर्ड, वायरी घरीच राहू द्या. बिलाचा आणि सीरियल नंबरचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या. तुमची वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे की सर्व्हिस सेंटरला नेण्याची, ते आधी वाचा, म्हणजे जालन्याला उगीच खेप होणार नाही. आणि एसएसडी किंवा हार्डडिस्क वॉरंटीत बदलून मिळते, तेव्हा कंपनी जुनी डिस्क साधारणपणे परत देत नाही. ती चालू स्थितीत असेल तर तिच्यावरचं सगळं काढून घेतल्याशिवाय काउंटरवर देऊ नका.